वाड्यावर शिल्प उभे राहते तेव्हा

दृश्य: पणजी, मांडवीचा काठ. जुन्या सचिवालयाच्या बाजूचा पुतळा.

झगा घातलेला उंच माणूस, पुढे पसरलेले दोन्ही हात, आणि समोर मागे कलंडत चाललेली बाई. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. हा तिचा गळा दाबतोय की काय?

हे आबे, म्हणजे पाद्री, फारिया. जन्म कांदोळीचा, १७५६ सालचा. पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले आणि ठासून सांगितले, की ही झोप प्रयोग करणाऱ्याच्या शक्तीने येत नाही, समोरच्याच्याच मनातून येते. आता हात नीट पाहा. ते बाईला लागलेले नाहीत. सगळे नाट्य त्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे शिल्प १९४५ साली इथे बसले. घोडा नाही, तलवार नाही, तरी पणजीकरांनी ते आपले मानले.

मग आधुनिक शिल्प सामान्य माणसाला कळत नाही, असे इतक्या सहज का म्हटले जाते? मला ते मुळीच पटत नाही.

दृश्य: गोव्यात दिवाळीची आदली रात्र. नरकासुराचा पुतळा.

बांबूचा, लोखंडाचा सांगाडा, आत गवत, वर खळ लावून चिकटवलेली वर्तमानपत्रे, शेवटी रंग आणि मुखवटा. वाड्यावरची, म्हणजे गावातल्या वस्तीवरची, मुले कित्येक रात्री जागून तो उभा करतात. कुठे डोळे फिरतात, कुठे हात हलतात. मग सगळा गाव पाहायला निघतो आणि बोलतो: मान आखूड राहिली, बोटे जाड झाली, तोल पुढे गेलाय, पण नजर काय साधलीय! पहाटे तो जाळायचा असतो, तरी कुणी हयगय करत नाही. दरवर्षी असा निवाडा करणाऱ्या लोकांना शिल्प पाहता येत नाही, असे कोण म्हणेल?

त्यांना विचारले मात्र जात नाही. २०२१च्या डिसेंबरात कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसला, वजन ४१० किलो. काळे बावटे घेऊन लोक उभे राहिले. गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगीज खेळाडू का? गोव्याचे फुटबॉलपटू ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो आपलेच ना? मुलांना स्फूर्ती मिळेल, असे म्हणणारेही होते. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या होत्या, पण ऐकायची वेळ पुतळा बसण्याआधीची होती.

पणजीत २०१६पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. नव्या घडणीची कामे रस्त्यावर, नदीकाठी येतात, हे चांगलेच. पण बहुतेक कामे महोत्सवासोबत उठतात. रोज बाजाराला जाता-येता एखादे शिल्प आधी खटकावे, मग सवयीचे व्हावे, पुढे कधीतरी आवडावे, याला वर्षे लागतात.

म्हणून एक साधी मागणी आहे. वाड्यावर कायमचे शिल्प बसवायचे असेल, तर आधी त्याचा मातीचा लहान नमुना पंचायतीत किंवा देवळाच्या मंडपात महिनाभर ठेवा. शिल्पकाराने तिथे येऊन बसावे, लोकांशी बोलावे. विषय ग्रामसभेत घ्या. आणि निवड समितीत नरकासुर करणाऱ्या पोरांपैकी दोघांना तरी घ्या. सांगाडा कुठे कमजोर आहे, ते त्यांना पाहताक्षणी कळते.