डोस बघून सांगतो

[दृश्य: ॲप्रनच्या खिशातून निघणारं, कडा झिजलेलं छोटं जाडजूड पुस्तक]

पेशंटसमोर डॉक्टरांनी फॉर्म्युलरी, म्हणजे औषधं आणि त्यांच्या डोसची माहिती देणारं पुस्तक, उघडलं की काहींच्या कपाळाला आठी पडते. यांना येत नाही की काय? वास्तविक औषध कोणतं द्यायचं हे एव्हाना ठरलेलं असतं. बघायचं असतं ते एवढंच, की याच माणसाला ते किती द्यायचं आणि आधीच्या गोळ्यांशी त्याचं पटेल का.

[दृश्य: बारीक अक्षरांवरून सरकणारं बोट]

साधं पॅरासिटामॉल घ्या. मूल 20 किलोचं. किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर एका वेळी 300 मिलिग्रॅम. इथवर सगळं तोंडपाठ. पण सिरप कोणतं? 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेलं असेल तर साडेबारा मिलिलिटर द्यायचं, 250 असलेलं असेल तर फक्त सहा. गल्लत झाली तर एक तर ताप उतरणार नाही, नाहीतर डोस दुपटीच्या वर जाईल.

मेथोट्रेक्सेटच्या पानावर तर हमखास थांबावं लागतं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. यात माणसं दगावली आहेत. म्हणून चिठ्ठीवर वार लिहावा, असा आग्रह असतो.

किडनी अधू असेल तर मधुमेहावरचं मेटफॉर्मिन कमी करावं लागतं, कधी पुरतं बंद. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायचंच नाही, स्नायूंना इजा होते. अशा जोड्या शेकड्यांनी आहेत. सगळ्या लक्षात आहेत असं म्हणणाऱ्या डॉक्टरची मला तरी धास्तीच वाटेल.

[दृश्य: युद्धकाळातली जुनी छायाचित्रं]

युद्धात औषधं जपून वापरायची म्हणून ब्रिटनमध्ये 1941 साली नॅशनल वॉर फॉर्म्युलरी निघाली. तिच्या जागी 1949 मध्ये ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी आली. मुलांसाठीची वेगळी पुस्तिका यायला मात्र 2005 उजाडलं. चिठ्ठीवर डोस कसा लिहावा याबाबत ही फॉर्म्युलरी काढणारी मंडळी भलतीच काटेकोर. 'मायक्रोग्रॅम' पूर्ण अक्षरी लिहा, आखूड करू नका. 3 मिलिग्रॅमला 3.0 लिहू नका. घाईत तो टिंब दिसला नाही की 3 चे 30 होतात.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर उमटणारी लाल सूचना]

आता हे सगळं फोनमध्ये आलंय. शोधायला सोपं आणि वरचेवर अद्ययावत होणारं. पण ॲप दर दुसऱ्या औषधाला धोक्याची घंटा वाजवायला लागलं की अंगठा न वाचताच ती बंद करतो. म्हणून काही प्रणालींमध्ये सूचनांची वर्गवारी केलेली असते. जिवावर बेतणारी सूचना पडदा अडवते, कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बाकीच्या बाजूला बारीक अक्षरात पडून असतात.