फेरेट काढायचाय? आधी पाठ काढा!

नमस्कार मंडळी! "ताई, गुंड्याचं कॉमिक कसं काढता ते दाखवा ना" असं इतक्या जणांनी विचारलंय की आज दाखवूनच टाकते. (नव्या मंडळींसाठी: गुंड्या म्हणजे आमचा पाळलेला फेरेट, लांबुळक्या अंगाचा छोटा प्राणी.) कागद, पेन्सिल, चार चौकटी, घरात घडलेला किस्सा. झालं! यात काय सांगायचं?

खरी गोम आहे पाठीत. तुम्ही पाठवलेली चित्रं बघते मी. सगळे तोंडापासून सुरुवात करतात. कान, मिशा झकास आणि मागे धड म्हणून वांगं चिकटवलेलं! अहो, तो उंदीर नाही. आणि सारखं विचारणारे ते काका, मुंगूसही नाही हो! मुंगसाचं कूळ वेगळं, हा पाणमांजराच्या गोतावळ्यातला. इथे न्यू जर्सीत तो पाळायला परवाना लागतो, नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात तर बंदीच. त्यावर वेगळं कॉमिक काढणारे, आत्ता नको.

तर पाठ. गुंड्या खुशीत आला की पाठीची कमान करतो, शेपटी फुलवतो, 'डुक डुक डुक' करत आडव्यातिडव्या उड्या मारतो आणि थेट टीपॉयच्या पायावर आदळतो. की परत चालू! इथे मी आधी फक्त कमानीची रेघ मारते. पाय नंतर.

आता झोप. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो, तेही इतकं गाढ की उचलला तरी लोंबतच राहतो. आई भारतातून आली होती, तिचा मला ऑफिसात फोन, "अगं, तुझं ते गेलं!" इथेही आधी तीच रेघ, फक्त सैल. नुसते डोळे मिटून भागत नाही. पाठ ताठ राहिली की तो नाटक करतोय असं वाटतं.

आणि चोरी. मोजा तोंडात धरून स्वारी सोफ्याखाली निघाली, अर्धी आत, अर्धी बाहेर. रेघ सोफ्याच्या आतही चालू ठेवा, मग खोडा. नाहीतर मागचा भाग दुसऱ्याच प्राण्याचा दिसतो. पाठ, पाठ, पाठ!

"वास येतो का?" येतो. "मग रोज आंघोळ घाला" म्हणणाऱ्यांनो, सारखी आंघोळ घातली की कातडी कोरडी पडते, अंगाला आणखी तेल सुटतं आणि वास वाढतो. कॉमिकमध्ये मी वास काढतच नाही, आईच्या नाकाला पदर लावते.

चला, आता शाई घ्या.