नफ्यातला गावाचा वाटा

[दृश्य: सेंट लॉरेन्स नदी, फेरीबोट]

मागे सुटतंय ते क्युबेक शहर. उंच कड्यावरचं ते किल्ल्यासारखं हॉटेल बघायला जगभरातून माणसं येतात. आपली बोट निघाली आहे समोरच्या काठाला, लेव्ही गावाकडे. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातलं हे नदीकाठचं गाव. उत्तर अमेरिकेतली सर्वात मोठी सहकारी वित्तसंस्था, देजार्दँ, इथं जन्मली. तिचं मुख्यालय अजूनही इथंच आहे.

[दृश्य: देजार्दँ यांचं घर, बाहेरून]

हे आल्फाँस देजार्दँ यांचं घर. आता इथं संग्रहालय आहे. आल्फाँस ना सावकार होते, ना बँकर. ओटावाच्या संसदेत ते लघुलेखक होते. सभागृहात जे बोललं जाईल, ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम.

1897 साली संसदेत सावकारी व्याजावर चर्चा चालू होती. एका खासदारानं माँट्रियलच्या एका माणसाची हकिकत सांगितली. कर्ज घेतलं होतं 150 डॉलर, आणि कोर्टाच्या निकालानं त्याच्यावर व्याज बसलं 5000 डॉलर. आल्फाँसनी तेही लिहून घेतलं असणार. पण रोजच्या कागदांत ते मिटून ठेवणं त्यांना जमलं नाही.

[दृश्य: जुनी पत्रं, टाक, दौत]

मग सुरू झाला पत्रव्यवहार. लोकांच्या बँकांचे अभ्यासक म्हणून इंग्लंडचे हेन्री वुल्फ प्रसिद्ध होते. आल्फाँसनी त्यांना लिहिलं. वुल्फनी युरोपातल्या सहकारी कार्यकर्त्यांची ओळख करून दिली. जर्मनीत, इटलीत पतपेढ्या कशा चालतात, भाग (शेअर) किती रुपयांचा... म्हणजे तिथल्या नाण्यात कितीचा, कर्ज कुणाला, जामीन कोण, हे सगळं आल्फाँस विचारत राहिले. (याच वुल्फनी पुढं भारतातल्या सहकारावरही पुस्तक लिहिलं. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला 1904 साली, आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळला 1905 मध्ये पतसंस्था उभी राहिली. लेव्ही आणि कणगिनहाळ, दोघींचा काळ एकच.)

6 डिसेंबर 1900. लेव्हीत शंभराहून जास्त माणसांनी सह्या केल्या आणि पतपेढी स्थापन झाली. भाग 5 डॉलरचा. एवढे पैसे एकदम कुठून आणायचे? म्हणून आठवड्याला 10 सेंटचा हप्ता ठरला. भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच.

[दृश्य: खातेवही, जवळून]

23 जानेवारी 1901 ला व्यवहार सुरू झाले. पहिली जमा: 10 सेंट. दिवसअखेरची शिल्लक: 26 डॉलर 40 सेंट.

[दृश्य: दोरिमेन देजार्दँ यांचं छायाचित्र]

या दोरिमेन, आल्फाँस यांच्या पत्नी. नवरा अधिवेशनासाठी महिनोन् महिने ओटावाला, तेव्हा हिशेब, पैसे, येणारे-जाणारे सभासद, सगळं यांनी सांभाळलं. सुरुवातीच्या काळात पतपेढी चालायची ती याच घरातून. आणि 1906 पर्यंत तिला कायद्याचं संरक्षणच नव्हतं. काही बुडालं असतं तर या कुटुंबावर आलं असतं. दोरिमेन यांनी ते ओझं पेललं. संस्थापक म्हणून आल्फाँस यांचंच नाव घेतात. आम्हाला दोघांचंही घ्यावंसं वाटतं.

[दृश्य: आजची शाखा, सर्वसाधारण सभेचं सभागृह]

आज देजार्दँचे सभासद 70 लाखांहून जास्त आहेत. स्थानिक पतपेढी मात्र स्थानिकच राहिली आहे. तिचं स्वतःचं संचालक मंडळ आहे, स्वतःची वार्षिक सभा आहे. आम्ही इथवर आलो ते या सभेसाठी.

वर्षाचा नफा सभेपुढं येतो. राखीव निधीला किती, व्यवहाराच्या प्रमाणात सभासदांना परत किती, आणि परिसर विकासाच्या निधीला किती, यावर मत घेतात. शेवटचा आकडा नीट ऐका. जी रक्कम तिकडे जाते, ती सभासदांच्या स्वतःच्या परताव्यात येऊ शकली असती. ती गावाला द्यायची की नाही, हे अध्यक्ष परस्पर ठरवत नाहीत. सभा ठरवते.

मग गावातल्या सेवाभावी संस्था अर्ज करतात. कशासाठी पैसे हवेत, किती माणसांना उपयोग, बाकीची रक्कम कुठून येणार, हे लिहून द्यावं लागतं. सभासदांनीच निवडून दिलेले संचालक ते अर्ज बघतात.

[दृश्य: धान्यकोठी, शाळेचं वाचनालय, तरुणांचं केंद्र. निवेदन थांबतं, फक्त मूळ आवाज.]

गरजूंना शिधा मिळतो, मुलांना पुस्तकं मिळतात, तरुणांना संध्याकाळी बसायला जागा मिळते.

[दृश्य: महाराष्ट्रातल्या पतसंस्थेची वार्षिक सभा, मंगल कार्यालय]

आणि हे आपल्याकडचं चित्र. स्टेजवर फुलांचे हार, हातात अहवालाची पुस्तिका. नफा वाटणीचा विषय वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' होतं, आणि चहाकडे पावलं वळतात.

वास्तविक आपला कायदा याबाबत उदार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. कलम 66 प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. त्यानंतर कलम 69 सांगतं की, निव्वळ नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम संस्थेला सहकारी, धर्मादाय किंवा इतर सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवता येते. शासनानं नेमलेल्या संघीय संस्थेची, म्हणजे सहकारी संस्थांच्या संघाची, त्याला मान्यता लागते. धर्मादाय म्हणजे काय, यासाठी कायदा 1890 च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्यातल्या व्याख्येकडे बोट दाखवतो: गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार, लोकोपयोगी कामं. फक्त पूजाअर्चेसाठी किंवा धर्मशिक्षणासाठी दिलेला पैसा त्या व्याख्येत बसत नाही. नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची आणखी कडक बंधनं आहेत, पण गावोगावच्या पतसंस्थांना ही वाट मोकळी आहे.

आपल्याही पुस्तिकेत धर्मादाय निधीची ओळ असेल. त्यातून गेल्या वर्षी कुणाला किती दिलं, कुणी अर्ज केला होता, कुणाला नाकारलं, हे विचारायचा हक्क 100 रुपयांचा एक भाग असलेल्या सभासदालाही आहे. सभेची नोटीस हातात पडली की प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. गावातल्या ग्रंथालयाला, रुग्णसेवा करणाऱ्या मंडळाला, मुलींच्या वसतिगृहाला आधीच सांगून ठेवा की अर्ज करा.