उलट्या वाटेचा मासा

(पडदाभर धबधब्यामागचा काळा, ओला कातळ.)

त्या कातळाकडे जरा टक लावून बघा. तो ठिपका शेवाळाचा नाही. बोटाच्या पेराएवढा मासा आहे आणि तो वर चाललाय.

हे हवाई. माशाचं नाव ओओपू नोपिली. तिथल्या भाषेत ‘पिली’ म्हणजे चिकटणं. पूर्वी नव्या घराच्या जेवणात हा मासा मुद्दाम असायचा, भाग्य घराला चिकटून राहावं म्हणून.

चिकटतो कसा? पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. वाटीने दगड धरायचा, तोंड पुढे टेकवायचं, अंग वर ओढायचं. पुन्हा तोंड, पुन्हा वाटी. त्याच्या भाऊबंदाला, ओओपू अलामोओला, एवढा धीर नाही. तो शेपटीच्या झटक्याने उसळतो, दम खातो, पुन्हा उसळतो. सुमारे १३५ मीटर उंच अकाका धबधब्याच्या वरच्या पाण्यातही तो सापडतो!

(समुद्राला मिळणारा ओढा.)

पण तोंडाची गोष्ट अजून संपलेली नाही. नोपिली ओढ्यात जन्मतो, अंड्यातून निघताच वाहत समुद्रात जातो आणि काही महिने तिथेच वाढतो. तेव्हा तोंड समोर असतं. ओढ्याच्या मुखाशी परतला, की साधारण दोन दिवसांत ते खाली सरकतं. आता त्याने दगडावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडता येतं आणि कडाही चढता येतो. २०१३ साली संशोधकांनी जबड्याच्या या दोन्ही हालचाली ताडून पाहिल्या. जवळपास सारख्याच निघाल्या. खाणं आधी शिकला की चढणं, याचा निकाल मात्र लागला नाही.

चढावं लागतंच. मुखाशी ओओपू अकुपा टपलेला असतो, पिल्लांवर ताव मारायला. त्याला कडे चढता येत नाहीत.

(कोरडं, गोट्यांनी भरलेलं पात्र.)

माणसाने या वाटेत कडा नाही उभारला, पाणीच काढून घेतलं. एकोणिसाव्या शतकात हवाईतल्याच माउई बेटाच्या पूर्व भागातले ओढे ऊसमळ्यांसाठी पाटांत वळवले गेले. कित्येक ओढे समुद्रापर्यंत पोचेनासे झाले. २०१६मध्ये तिथली ऊसशेती बंद पडली. २०१८मध्ये राज्याच्या जल आयोगाने काही ओढ्यांचं पाणी त्यांना परत द्यायला सांगितलं.

(ओढ्याचं मुख. गोट्यांवरून झिरपत आलेलं पाणी लाटेला भेटतं. उथळ पाण्यात पारदर्शक पिल्लं, तोंडं प्रवाहाकडे.)