हेराची विद्या आणि निर्दोष आरोपी

मित्रहो, खुनाचा खोटा आळ आलेली स्त्री, तिच्या मागावरचे पोलीस आणि तिला वाट काढून देणारा निवृत्त हेर, हे कथानक रहस्यकथेत इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्यातील मूळची विसंगती आपल्या लक्षातही येत नाही. हेराला पळून जाण्याची विद्या अवगत असते, आणि ती या स्त्रीच्या उपयोगी पडेल असे लेखक गृहीत धरतो. ती किती उपयोगी पडते, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

या विद्येचे एक विलक्षण उदाहरण १९८५ सालचे आहे. सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीचा अधिकारी ओलेग गोर्दियेव्हस्की हा अनेक वर्षे ब्रिटिशांसाठी काम करत होता. संशय आल्यामुळे त्याला मॉस्कोला परत बोलावण्यात आले. पाळत असतानाही ठरलेल्या जागी ठरलेल्या दुकानाची पिशवी हातात धरून उभे राहणे, ही त्याची मदत मागण्याची खूण होती. ती ओळखली गेली, आणि पुढे ब्रिटिश मुत्सद्द्यांच्या मोटारीच्या डिकीत लपून त्याने फिनलंडची सरहद्द ओलांडली. नाक्यावर कुत्रे गाडीभोवती घुटमळू लागले, तेव्हा एका मुत्सद्द्याच्या पत्नीने तान्ह्या बाळाचे लंगोट डिकीवरच बदलले, असे या सुटकेच्या हकिगतीत सांगितले जाते. माझ्या मते एवढा अस्सल तपशील कल्पनेने सुचणे कठीण आहे.

पण हे पलायन यशस्वी का झाले, ते पाहा. योजना कित्येक वर्षे आधी आखलेली होती, तिच्यामागे एक सरकार उभे होते आणि सरहद्दीपलीकडे आश्रयाची हमी होती. शिवाय सोव्हिएत सत्तेच्या दृष्टीने गोर्दियेव्हस्की खरोखरच गुन्हेगार होता. पलीकडे पोहोचला की त्याला काहीही सिद्ध करायचे उरत नव्हते. आपल्या नायिकेचे तसे नाही. सरहद्द ओलांडली तरी आळ तिच्याबरोबरच जातो, आणि पळून जाण्याने तो अधिक गडद होतो. अनेक देशांच्या कायद्यांत केवळ पळून जाण्यावरून दोष सिद्ध होत नसला, तरी ते वर्तन न्यायालयापुढे आणता येते, आणि लोक तर न्यायालयाची वाटही पाहत नाहीत.

याहून खोलवरची अडचण चेहऱ्याची आहे. हेर पहिला धडा देईल तो चेहऱ्यावर काही उमटू न देण्याचा. ऑस्ट्रेलियातील लिंडी चेंबरलेन हिची नऊ आठवड्यांची मुलगी १९८० साली उलुरू येथील तंबूतून नाहीशी झाली. डिंगो या रानटी कुत्र्याने तिला नेले, असे आई सांगत राहिली. ती लोकांसमोर अपेक्षेप्रमाणे रडली नाही, हे तिच्याविरुद्ध गेले. मोटारीत रक्त सापडल्याचा दावा झाला आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे त्यातला मोठा भाग रक्त नसून कारखान्यात फवारलेले आवाजरोधक द्रव्य असल्याचे निष्पन्न झाले. १९८६ मध्ये बाळाचे जॅकेट सापडल्यावर तिची सुटका झाली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळेच झाल्याचा अधिकृत निर्वाळा मिळायला २०१२ साल उजाडले. या स्त्रीला पळून जाण्याची गरज कधी नव्हतीच. रासायनिक चाचणी नीट तपासणाऱ्या माणसाची होती.

म्हणून असे कथानक हाती घेणाऱ्या लेखकाने हेराच्या दुसऱ्या कौशल्याकडे पाहावे, असे मी सुचवेन. पाठलाग चुकवण्याइतकेच, किंबहुना अधिक, त्याचे आयुष्य माहिती पारखण्यात गेलेले असते: कोणता खबऱ्या कशासाठी खोटे बोलतो, कोणता कागद मागाहून तयार केलेला आहे, दोन स्वतंत्र वाटणाऱ्या बातम्यांचा उगम एकच तर नाही ना. नायिकेवरील आरोपपत्र तो या नजरेने वाचू लागला, तर पळण्याला काही अर्थ येतो, कारण मग ते पुरावा गाठेपर्यंत वेळ मिळवण्यासाठी असते. अर्थात तो पुरावा हाती आल्यावरही कथा अडतेच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हा माणूस उभा राहील, विरुद्ध पक्षाचा वकील त्याला पूर्वीचा व्यवसाय विचारील, आणि शपथेवर त्याचे खरे उत्तर द्यायचे तर ज्या गुपितांची शपथ त्याने आधीच घेतली आहे ती मोडावी लागेल.