वेळापत्रकाच्या भरवशावरचं प्रेम

लाजाळू पोराची प्रेमकथा लिहायला बसलं की पहिली पंचाईत ही, की नायक काहीच करत नाही. बोलत नाही, चिठ्ठी देत नाही, ती समोरून आली तर वाट बदलतो. मग गोष्ट सरकायची कशी? जपानी रोमँटिक कॉमेडी ॲनिमेनं, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशन मालिकांनी, हे काम शाळेच्या वेळापत्रकावर टाकलंय.

तिकडे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. तेव्हा तुकड्या नव्यानं पाडतात. वर्गातल्या जागा अधूनमधून बदलतात, बऱ्याचदा चिठ्ठ्या टाकून. वर्ग झाडायचा तो मुलांनीच, पाळ्या लावून. शरदात शाळेचा महोत्सव. १४ फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात, १४ मार्चला मुलांनी परतफेड करायची. म्हणजे ज्याच्यात धमक नाही त्यालाही वर्षभरात कधी ना कधी तिच्याशेजारी उभं राहावंच लागतं! आपल्या कित्येक शाळांत मुलामुलींच्या रांगाच वेगळ्या, तिथे चिठ्ठी काय करणार?

‘किमी नि तोदोके’ बघा. कारुहो शिइना यांच्या मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून) २००९ साली ही मालिका आली. नायिका सावाकोचे केस लांब, काळे. वर्ग तिला ‘सादाको’ म्हणतो, म्हणजे ‘रिंग’ या भयपटातलं भूत. जागा बदलायच्या दिवशी तिच्याजवळ बसायला कुणी तयार नाही. मग तिला आवडणारा वर्गमित्र काझेहाया आणि तिच्या मैत्रिणी उठून तिच्या आजूबाजूला येऊन बसतात. बाकं तेवढी हलली, पण त्या मुलीच्या दृष्टीनं आभाळच हललं. दुसऱ्या पर्वात मात्र गैरसमज इतके ताणलेत की दोघांना समोरासमोर बसवून ‘बोला आता’ म्हणावंसं वाटतं.

माझी आवडती मालिका २०२३ची, ‘बोकु नो कोकोरो नो याबाई यात्सु’. नोरिओ साकुराई यांची. इचिकावा हा शाळकरी मुलगा स्वतःला मोठा खुनशी समजतो, खुनांवरची पुस्तकं वाचतो. वर्गातली यामादा मॉडेलिंग करते, त्याच्यापेक्षा चांगली उंच आहे, आणि ग्रंथालयात लपूनछपून खाऊ खाते. हा तिथेच बसलेला. त्याच्या मनात अखंड बडबड चालू, तोंडातून मात्र अवाक्षर नाही. सगळा विनोद या तफावतीत आहे. ही बडबड निर्मात्यांच्या खिशालाही सोयीची, बरं का. मनातलं बोलणं ऐकवताना ओठ हलवावे लागत नाहीत, स्थिर चेहऱ्यावर आवाज चढवला की झालं. पण इथे ती काटकसर वाटत नाही, कारण गप्प बसलेला पोरगा आतून असाच असतो.

खेळाच्या तासाला यामादाच्या नाकावर चेंडू आदळतो, रक्त येतं. शाळेच्या दवाखान्यात ती रडते. इचिकावा तिथेच आहे, तिला दिसत नाही. तिचं रडणं ऐकून त्याचेही डोळे भरतात आणि तेव्हा त्याला उमगतं की आपण हिच्या प्रेमात आहोत. ना संवाद, ना नजरानजर. मला हा प्रसंग प्रेमाच्या दृश्यांत उडवल्या जाणाऱ्या सगळ्या गुलाबी पाकळ्यांपेक्षा खरा वाटतो, कारण इथे लाजणं हे नुसतं हसण्याचं निमित्त राहत नाही.

आणि शेवटी कबुली तो देतो तीसुद्धा कुठे? शाळेच्या सहलीत! तीही वेळापत्रकातच होती.