शेजारच्या मार्गिकेतील गाडी

(पहाट. वुडवर्ड ॲव्हेन्यू. दुरून येणारा इंजिनांचा आवाज.)

डेट्रॉइटहून पाँटिॲक शहराकडे जाणारा हा वुडवर्ड ॲव्हेन्यू. १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या-नव्या गाड्यांचे मालक या रस्त्यावर येतात आणि दिवसभर सावकाश फेऱ्या मारत राहतात. ही दृश्ये २०२३मधील आहेत. त्याच वर्षी २२ मार्चला जनरल मोटर्सने जाहीर केले होते की २०२४च्या मॉडेलनंतर त्यांच्या शेव्हर्ले या ब्रँडच्या कमॅरो गाडीचे उत्पादन थांबेल.

समोरच्या जाळीवर धावता घोडा असलेल्या या गाड्या फोर्ड मस्टँग आहेत, आणि रांगेतील तिसरी, निळी गाडी माझी आहे. नोकरीच्या निमित्ताने मिशिगनला आलेल्या अनेक मराठी इंजिनिअरांप्रमाणे मीही गाड्यांच्याच व्यवसायात आहे. कमॅरो आमची प्रतिस्पर्धी. तरीही तिच्या बंद होण्याची बातमी आली तेव्हा आम्हा मस्टँगवाल्यांपैकी मला भेटलेल्या एकालाही आनंद झाला नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर या दोन गाड्यांचे भांडण आरंभापासून पाहावे लागेल.

(१९६५ची पांढरी मस्टँग. उघडे बॉनेट.)

मस्टँग लोकांसमोर आली ती १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. लांब बॉनेट, आखूड पाठ, चार जणांची बसण्याची सोय आणि तरुण नोकरदाराला झेपेल अशी २,३६८ डॉलर ही किंमत, एवढ्या भांडवलावर फोर्डने पहिल्या बारा महिन्यांत ४ लाखांहून अधिक गाड्या विकल्या. जनरल मोटर्सजवळ तिला थेट उत्तर नव्हते, आणि ते तयार करण्यास दोन वर्षे लागली. २८ जून १९६६ रोजी शेव्हर्लेचे प्रमुख पीट एस्टेस यांनी नव्या गाडीचे नाव जाहीर केले. ‘कमॅरो’ म्हणजे काय, असे पत्रकारांनी विचारले असता, मस्टँग खाणारा एक लहानसा क्रूर प्राणी, असे उत्तर शेव्हर्लेच्या लोकांनी दिले. म्हणजे या गाडीची ओळखच आमच्या गाडीच्या नावाने करून दिली गेली होती.

(पिवळी १९६९ची कमॅरो झेड/२८. इंजिन जवळून.)

या इंजिनाकडे जरा थांबून पाहावे, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या नियमानुसार इंजिनाचे आकारमान ५ लिटरच्या, म्हणजे ३०५ घन इंचांच्या आत असणे आवश्यक होते. शेव्हर्लेकडे ३२७ घन इंचांचे इंजिन होते, ते मोठे पडत होते. २८३चे होते, ते लहान पडत होते. तेव्हा ४ इंच व्यासाचे सिलिंडर असलेल्या मोठ्या ब्लॉकमध्ये लहान इंजिनाचा ३ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या एका फेरीचे अंतर) क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा, बसवण्यात आला आणि ३०२ घन इंचांचे, अतिशय वेगाने फिरणारे एक नवेच इंजिन तयार झाले. शर्यतीत उतरवायची गाडी सामान्य ग्राहकालाही विकणे बंधनकारक असल्यामुळे हे इंजिन रस्त्यावर आले. पहिल्या वर्षी अशा केवळ ६०२ गाड्या तयार झाल्या. १९६६ आणि १९६७ ही दोन वर्षे ट्रान्स-ॲमचे विजेतेपद मस्टँगकडे होते. पुढची दोन्ही वर्षे रॉजर पेन्स्के यांच्या संघाकडून धावणाऱ्या मार्क डोनह्यू यांनी ते कमॅरोला मिळवून दिले.

(केशरी मस्टँग बॉस ३०२, झेड/२८च्या शेजारी.)

फोर्डने त्यावर जे उत्तर दिले, ते ही बॉस ३०२. हिच्याही सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि स्ट्रोक ३ इंच. दोन शत्रुपक्षांच्या कारखान्यांतून, एकाच नियमाच्या आणि एकमेकांच्या धाकाने, आकडा न आकडा सारखा असलेली दोन इंजिने जन्माला आली. १९७०मध्ये पार्नेली जोन्स यांच्यासारख्या चालकाच्या हाती ही गाडी आली आणि विजेतेपद पुन्हा मस्टँगकडे आले. आज या दोघींचे मालक एकाच झाडाच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलेले दिसत आहेत.

गाडी बंद होण्याची भीती काय असते, हे आम्हाला सांगावे लागत नाही. १९८०च्या दशकात फोर्डने माझदाच्या सांगाड्यावर आधारित, पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी मस्टँग म्हणून आणण्याचे ठरवले होते. १९८७मध्ये ही बातमी फुटली आणि देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. शेवटी ती गाडी ‘प्रोब’ या वेगळ्या नावाने विकण्यात आली आणि मस्टँगची ताकद मागच्या चाकांकडेच राहिली. प्रतिस्पर्ध्याची बातमी वाचताना मस्टँगवाल्याला स्वतःचा तो प्रसंग आठवतो.

(सिग्नलजवळ उभी १९९८ची कमॅरो.)

मान्य करायला जड जाते, पण १९९०च्या दशकात सिग्नलवरून सुटताना बहुधा आम्हीच हरत होतो. १९९८च्या मस्टँग जीटीत २२५ अश्वशक्ती होती आणि त्याच वर्षीच्या कमॅरो झेड२८मध्ये ३०५. असे असूनही खप मस्टँगचाच अधिक राहिला, आणि ऑगस्ट २००२मध्ये कॅनडातील क्यूबेक प्रांतात, सेंट-तेरेझ येथील कारखान्यात कमॅरोचे उत्पादन पहिल्यांदा थांबले.

त्यानंतरची सात वर्षे मस्टँगला मैदान मोकळे होते. २००५मध्ये तिला नवे, देखणे रूप मिळाले आणि ते लोकांना आवडलेही. परंतु सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या जीटीत २००५ साली ३०० अश्वशक्ती होती, ती २०१० साली ३१५ झाली. एवढीच वाढ. मग २००९च्या वसंतात कमॅरो परतली, ४२६ अश्वशक्ती घेऊन, आणि २०१०मध्ये तिने ८१,२९९ गाड्या विकून मस्टँगच्या ७३,७१६ गाड्यांना मागे टाकले. २०११च्या मॉडेलसाठी फोर्डने संपूर्ण नवे ५ लिटरचे इंजिन आणले. जीटीची ताकद ४१२ अश्वशक्तींवर गेली आणि सहा सिलिंडरांच्या साध्या मस्टँगची २१०वरून थेट ३०५वर. माझ्या निळ्या गाडीत त्याच वंशाचे इंजिन आहे. ते मला फोर्डने दिले असले, तरी ते देण्याची निकड कमॅरोने निर्माण केली, असे मी मानतो.

पुढेही हाच क्रम चालू राहिला. ५८० अश्वशक्तीची कमॅरो झेडएल१ आली आणि २०१३च्या मस्टँग शेल्बी जीटी५००ने ६६२ अश्वशक्तीने तिला उत्तर दिले. वजन वाचवण्यासाठी वातानुकूलन यंत्रसुद्धा केवळ मागणी केल्यासच बसवून मिळणाऱ्या नव्या कमॅरो झेड/२८नंतर, शर्यतीच्या मैदानासाठी घडवलेली मस्टँग शेल्बी जीटी३५० अवतरली.

(लॅन्सिंग. कारखान्याची बाहेरची भिंत, कामगारांच्या गाड्यांचा वाहनतळ.)

लॅन्सिंग ग्रँड रिव्हर या कारखान्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी शेवटची कमॅरो तयार झाली. २०२२मध्ये अमेरिकेत २४,६५२ कमॅरो विकल्या गेल्या होत्या आणि मस्टँग ४७,५६६. जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅक ब्रँडच्या गाड्या मात्र येथे पुढेही तयार होत राहिल्या. आठच दिवसांनी कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे डॉज चॅलेंजर या अशाच तिसऱ्या प्रतिस्पर्धी गाडीचेही उत्पादन थांबले.

ही कमॅरोची गोष्ट संपलेली नाही, असे शेव्हर्लेने घोषणेच्या वेळी म्हटले होते. तिची पुढची पिढी येईल का, आणि आलीच तर विजेवर चालेल का, याची चर्चा मस्टँगच्या रांगेत कमॅरोच्या रांगेपेक्षा कमी होत नाही.

(संध्याकाळ. सिग्नल. डावीकडे निळी मस्टँग, उजवीकडे लाल कमॅरो.)

या लाल कमॅरोचा मालक आणि मी एकमेकांना ओळखत नाही. सिग्नल लाल असताना त्याने काच खाली केली, माझ्या गाडीकडे पाहिले आणि हात वर केला. येथून पुढे निवेदन नाही. दोन्ही इंजिनांचा आवाज आहे तसा ठेवला आहे.